बावीस कार्डं एकदम पाठवू नका

गुहागर तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका शाळेतल्या बाईंनी विचारलंय: ‘मी तिसरीला शिकवते. वर्गातल्या एका मुलाला रक्ताचा कर्करोग निघाला. दिवाळीपासून तो आईबरोबर परळला उपचारांसाठी आहे. वर्गातली बावीस मुलं रोज विचारतात, बाई, आपण त्याच्यासाठी काय करायचं? पालकांनी मिळून चार हजार रुपये जमवलेत. कुणी म्हणतं रिमोटची गाडी घेऊ, कुणी म्हणतं जीप करून सगळे भेटून येऊ, कुणी म्हणतं व्हिडिओ करून पाठवू. त्याला खरंच बरं वाटेल असं काय करावं?’

बाई, मी एकतीस वर्षं सिस्टर म्हणून नोकरी केली. बहुतेक सगळी लहान मुलांच्या वॉर्डात आणि मधली मुंबईची दोन वर्षं सोडली तर सगळी आपल्या किनारपट्टीवर. आता निवृत्त आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधपाण्याचं त्याच्या डॉक्टरांनाच विचारायचं. पण आजारी पोराचं तोंड कशाने खुलतं आणि कशाने आणखी बारीक होतं, ते मी भरपूर पाहिलंय.

तुमच्या तीन बेतांचं आधी सांगून टाकते. गाडी नको. सगळ्यांनी भेटायला जाणं तर मुळीच नको, का ते पुढे येईल. व्हिडिओ केलात तर करा, पण बावीस जणांनी रांगेत उभं राहून एका सुरात ‘लवकर बरा हो’ म्हटलेला नको. तसला व्हिडिओ मूल एकदा बघतं, आई दहादा बघते आणि रडत बसते.

पोस्टकार्डं पाठवा. साधी, पन्नास पैशांची. आठवड्याला एक, एका मुलाचं एक. बावीस मुलं म्हणजे बावीस आठवडे, पाच महिने निघाले. खर्च अकरा रुपये.

गाडीला नाही म्हणते ते पैशांसाठी नव्हे. वॉर्डात खेळण्यांना तोटा नसतो. येणारा जाणारा प्रत्येकजण काहीतरी आणतो. पहिल्या दिवशी त्याचं कौतुक, दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्याशी त्यावरून भांडण, तिसऱ्या दिवशी सेल उतरले की ते खाटेखाली. झाडूवाल्या मावशी ते रोज उचलून कपाटावर ठेवतात.

खाटेवरच्या मुलाची अडचण निराळी असते. दिवसभर सगळे त्याचं काही ना काही करत असतात. कुणी ताप बघतं, कुणी रक्त काढतं, कुणी गोळी चुरून भरवतं, कुणी कूस बदलायला लावतं. त्याने स्वतः करायचं असं काही उरत नाही. हाच मुलगा गावी संध्याकाळी कोंबड्या झाकत होता, दुकानातून दूध आणत होता, लगोरीत भिडू होता. तो नसला तर खेळ अडायचा. इथे आल्यावर त्याच्यावाचून काही अडत नाही, आणि ते त्याला आपल्यापेक्षा लवकर कळतं.

हर्णैचा एक मुलगा आमच्याकडे होता, आठ-नऊ वर्षांचा. लघवीतून प्रथिनं जाण्याचा आजार, ज्याला आम्ही नेफ्रोटिक म्हणतो. डोळे सुजून बारीक झालेले, पोटात पाणी. ह्या आजारात सूज असेपर्यंत मीठ जवळजवळ बंद करतात. बंदरावरच्या पोराला आळणी डाळ-भात म्हणजे काय शिक्षा असेल बघा. पहिल्या दिवशी त्याने ताटली ढकलून दिली. वर स्टेरॉइडची गोळी, तिने गाल फुगतात आणि भूक खवळते. वॉर्डातली पोरं त्याला भोपळा म्हणायला लागली. चार दिवसांनी त्याने बोलणंच सोडलं. बाप होडीवर, आई रात्री सोबतीला, दिवसा कधी आजी.

आमच्याकडे एक वॉर्डबॉय मामा होते. ट्रॉली ढकलता ढकलता ते त्याच्या खाटेशी थांबले आणि म्हणाले, ‘काय रे, आज बंदरावर पापलेटाचा काय भाव निघाला?’

‘मला काय म्हाइत?’

‘बापाला विचार की. इथल्या बाजारात मला रोज फसवतात.’

त्या वेळी हर्णैला होड्या आत खोल पाण्यात नांगरायच्या. बैलगाड्या लाटांत घालून मासळी काठावर आणायची आणि तिथेच वाळूत लिलाव. लिलाव संपला की बाप फोन करायचा. त्या संध्याकाळी पोराने पहिल्यांदा स्वतःहून फोन मागितला आणि भाव विचारला. मामा ड्युटी संपवून निघाले तेव्हा त्याने पापलेट, सुरमई, कोळंबी, तिन्हींचे आकडे सांगितले. मामा खरंच त्या दिवशी बाजारात गेले आणि दुसऱ्या दिवशी येऊन हिशेब दिला, की बाई दोनशे सांगत होती, मी तुझा भाव सांगितला, शेवटी दीडशेला दिलं. पोरगा वैतागला. ‘दीडशे पन जास्तीच झाले. तुमाला गिऱ्हाइकी येतच नाय.’

आठवडाभरात वॉर्डातल्या आया, स्वयंपाकघरातल्या बाई, रक्त घ्यायला येणारा पोरगेला टेक्निशियन, सगळे त्याला भाव विचारायला लागले. मी त्याला जुन्या केसपेपरच्या कोऱ्या पाठी दिल्या. त्यावर तो तक्ता आखायचा. लघवी तपासल्यावर प्रथिनं किती ते आम्ही रोज डायरीत लिहायचो. तेही त्याने मागून घेतलं, भावांच्या शेजारच्या रकान्यात. एका बाजूला सुरमई चढली-उतरली, दुसऱ्या बाजूला त्याची स्वतःची प्रथिनं. डाळ-भात आळणीच होता, पण ताटली परत आली नाही.

मग जून उजाडला. एक जूनला मासेमारी बंद होते ती जुलैअखेरपर्यंत. होड्या काठावर, लिलाव नाही, भाव नाही. हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. दोन दिवस पोरगा भिंतीकडे तोंड करून पडला. तिसऱ्या दिवशी मामांनी विचारलं, ‘आज सुवर्णदुर्ग दिसला का रे पावसात?’ झालं. त्यानंतर बाप रोज छत्री घेऊन किनाऱ्यावर जायचा, समुद्रातला तो किल्ला दिसतो का ते बघून फोन करायचा. दिसला, नाही दिसला, अर्धा दिसला.

मामांनी त्यापायी खिशातून एक पैसा काढला नव्हता. पण त्यांनी विचारायला एकही दिवस चुकवला नाही, आणि त्यांना भाव खरंच हवा होता. मुलांना हा फरक लगेच कळतो. ‘अरे वा, छान छान’ म्हणण्यासाठी विचारलेला प्रश्न आणि उत्तर हवंय म्हणून विचारलेला प्रश्न, ह्यांची गल्लत ती कधी करत नाहीत.

म्हणून कार्डात दोनच गोष्टी हव्यात, एक बातमी आणि त्याच्यावाचून अडलेला एक प्रश्न.

बातमी म्हणजे बातमीच. ‘आम्हाला तुझी खूप आठवण येते’ ही बातमी नव्हे. शाळेच्या नळाला तीन दिवस पाणी नव्हतं, ही बातमी. तुझ्या बाकाखाली मांजर व्यायली, ही तर फार मोठी बातमी. आणि प्रश्न असा, की पिल्लांतलं एक काळं आहे, त्याचं नाव तू ठेव, बाकीच्यांची आम्ही ठेवलीत. नाव आलं की ते खरंच ठेवायचं आणि पुढच्या कार्डात त्याच नावाने पिल्लाची खबर द्यायची. स्नेहसंमेलनात मागचा पडदा निळा की हिरवा, हे त्याला ठरवू द्या. त्याने हिरवा सांगितला आणि तुमच्याकडे निळं कापड असेल, तर हिरवं आणा. जमलेल्या चार हजारांतले दोनशे त्यात गेले तर ते सत्कारणी लागले म्हणा.

तुमच्याकडे तर आयती गंमत आहे. गुहागरचा किनारा कासवांचा. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या थंडीत रात्री वर येऊन वाळूत अंडी घालतात. कासवमित्र ती उचलून कुंपणाच्या आत तसाच खड्डा करून पुरतात, वर तारीख आणि अंड्यांचा आकडा लिहितात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिल्लं यायला साधारण पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात, वाळू किती तापते त्यावर ते कमीजास्त होतं. आत्ता डिसेंबर आहे. एखादं घरटं धरा आणि मुलाला लिहायला सांगा. अगदी असं:

‘मंगळवारी एक घरटं मिळालं. काकांनी एकशे आठ अंडी मोजली. आम्ही पैज लावली आहे, पिल्लं कितव्या दिवशी येणार. मी एकावन्न म्हणतो. मागच्या बाकावरचे छप्पन म्हणतात. तुझा आकडा कळव. फळ्याच्या कोपऱ्यात तुझ्यासाठी जागा ठेवली आहे. तुझी छत्री अजून कपाटामागेच आहे.’

एवढंच. त्याचा आकडा फोनवरून येईल. तो फळ्यावर लिहा आणि पुसू नका. मग त्याला तिकडे दिवस मोजायला काहीतरी मिळतं. नाहीतर त्या मुलांचे दिवस कशाने मोजले जातात माहितीये? पुढचं इंजेक्शन कधी, पाठीतली सुई कधी, रक्ताचा रिपोर्ट कधी. त्याच्या शेजारी एक कासवांचा आकडा बसला की तारखांचा रंग थोडा बदलतो. जानेवारीअखेर नाहीतर फेब्रुवारीत पिल्लं आली की त्याच दिवशी फोन करून सांगा, किती आली, कोण पैज जिंकलं. त्याला मुद्दाम जिंकवू नका. हरला तर हरला. तिकडे दया सगळेच दाखवत असतात.

‘लवकर बरा हो’ लिहू नका म्हणते त्याचं कारण असं, की त्याच्या आजाराचे उपचार लांबचे असतात. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात जो प्रकार सगळ्यात जास्त दिसतो, त्याचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. पहिले सहा-आठ महिने जोराचे, पुढे गोळ्या आणि फेऱ्या. ‘लवकर’ हा शब्द दर आठवड्याला वाचला की मुलाला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. ‘तू शूर आहेस’ हेही नको. शूर म्हटलं की पोराला रडायची चोरी.

आणि बावीसच्या बावीस कार्डं एका पाकिटात घालून पाठवायचा मोह आवरा. ते दिसायला छान दिसतं, फोटोही चांगला येतो. पण अर्ध्या तासात सगळी वाचून होतात आणि नंतर पाच महिने काही येत नाही. पोरं वाट बघतात ती पुढच्याची. पहिले दोन महिने सगळं गाव फोन करतं. तिसऱ्या महिन्यात फोन कमी होतात, पाचव्यात थांबतात. तुमचं कार्ड पाचव्या महिन्यात पोचलं पाहिजे. कोपऱ्यात क्रमांक घाला, म्हणजे एखादं टपालात अडकलं तर त्याला कळेल की सात आलं, सहा कुठे गेलं. तोही त्याला एक तपासच.

उत्तर मागू नका. प्रश्न विचारायचा, पण ‘पत्राचं उत्तर नक्की लिही’ असं नाही लिहायचं. ह्या उपचारांत कधी तोंड येतं, घोट घोट पाणी जात नाही. एका औषधाने हातापायाला मुंग्या येतात, पेन्सिल धरवत नाही. स्टेरॉइडच्या दिवसांत पोरगं इतकं चिडचिडं होतं की आईलाही ओळखू येत नाही. अशा आठवड्यात तो कार्ड फाडूनही टाकेल. आई तुम्हाला शरमून सांगेल, तेव्हा तिला म्हणा, असू दे, पुढचं मंगळवारी निघालंय.

पत्ता इस्पितळाचा टाकू नका. परळला उपचार घेणारी बरीच मुलं खाटेवर थोडे दिवस आणि बाहेर राहून येऊन-जाऊन जास्त दिवस असतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं अशा ठिकाणी राहणारी कोकणातली कुटुंबं मी पाहिलीत. काही नातेवाइकांच्या खोलीत राहतात. आई जिथे राहते तो पत्ता तिच्याकडून घ्या आणि पिनकोड चुकवू नका. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या केळशीचे. वर्गात पत्ता लिहायला शिकवाल तेव्हा हेही सांगा, मुलांना आवडतं.

व्हिडिओच्या ऐवजी आवाज पाठवून बघा. तुमची शाळेची घंटा, मधल्या सुट्टीतला गलका, एसटी वळणावर देते तो भोंगा, पत्र्यावरचा पाऊस (पावसाळ्यापर्यंत मुक्काम लांबला तर), पुळणीवरची लाट. वीस-तीस सेकंदांचं, मधे कुणी बोलायचं नाही. ‘ओळख कसला आवाज’ एवढं खाली लिहा. मुंबईतल्या माझ्या दोन वर्षांत देवगडकडची एक मुलगी होती, तिच्या काकाने पहाटे परसातल्या दयाळ पक्ष्याची शीळ फोनवर धरून पाठवली होती. सुई लावताना ती ती ऐकायची. आम्हाला सगळ्यांना ती पाठ झाली होती.

सुईचा विषय निघालाच आहे तर माझी एक चूक सांगते. नोकरीत नवी होते. पाच वर्षांची पोर, रोज हात टोचून टोचून काळानिळा झालेला. संध्याकाळी रडायला लागली तेव्हा मी सहज म्हटलं, ‘उद्या नाही हं टोचायचं.’ सकाळी सलाईनची सुई निघाली, नवी लावावी लागली, आणि ती माझ्याच हातून. ती रडली नाही. नुसती बघत राहिली. पुढचे अकरा दिवस ती माझ्या हातून पाणीही प्यायली नाही. त्यानंतर मी कुठल्याच मुलाला ‘दुखणार नाही’ म्हटलेलं नाही. ‘मुंगी चावल्यासारखं होईल, मोठ्याने दहा मोज, आठला संपेल’ असं सांगायचं, आणि आठला संपवायचं. आणि डावा हात की उजवा, हे त्याला विचारायचं. दोन्ही नको म्हणेल, ते चालणार नाही म्हणायचं. पण दोनांतला एक निवडला की हात आपला आपण पुढे करतात.

तुम्ही फोनवर बोलाल तेव्हा हे लक्षात ठेवा. तो विचारेल, ‘बाई, मी कधी येणार?’ ‘ह्या महिन्यात येशील’ असं गोड वाटतं म्हणून म्हणू नका. ‘मला माहीत नाही, पण तुझी जागा कुणाला दिलेली नाही’ म्हणा. आणि खरंच देऊ नका. हजेरी घेताना त्याचं नाव घ्या. मुलं कोरसमध्ये ‘परळला’ म्हणतील, म्हणू देत.

सुईसाठी फुगे हा दुसरा जुना उपाय. रबरी नव्हे, ते फुटले की लहान पोरं तुकडे तोंडात घालतात, साबणाचे. फुगा मोठा यायचा तर फुंकर हळू आणि लांब घालावी लागते. लांब श्वास सुटला की अंग सैल पडतं, नजर फुग्यावर जाते, तेवढ्यात इंजेक्शन होऊन जातं. लहानपणी आपण रिठ्याचा फेस करून पपईच्या पानाच्या देठातून फुगे सोडायचो, आठवतं ना? वॉर्डात तो देठ नको, त्याला चीक असतो. बाजारातली दहा-वीस रुपयांची डबी घ्यायची. कार्डाबरोबर एखाद्या वेळी ती पाठवलीत तर नर्सबाईंना आधी दाखवून घ्या एवढं आईला सांगा.

आता भेटायला का जायचं नाही ते. औषधांनी त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली जातात. तिकडे सगळे आईबाप ‘काउंट पडले’ असं म्हणतात. काउंट पडलेले असताना आपल्याला नुसती सर्दी असते ती त्याला फार महागात पडते. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की मध्यरात्र असली तरी त्यांना इस्पितळात धावावं लागतं. आणि कांजिण्या तर अंगावर पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरत असतात, म्हणजे तिसरीतली धडधाकट दिसणारी बावीस मुलं जीपमधून काय घेऊन जातील ते त्यांनाही माहीत नसतं. पुढे तो मधे गावी येऊन गेला आणि त्याच सुमारास वर्गात कुणाला कांजिण्या निघाल्या, तर शरमू नका, लपवू नका, त्याच दिवशी आईला फोन करा. वेळेत कळलं तर डॉक्टरांना उपाय करता येतात.

मोठ्या माणसांपैकी एखाददुसरं गेलं तर हरकत नाही. सर्दी-खोकला नसलेलं, हात धुऊन, आईला विचारून. दहा मिनिटं बसायचं. फळांची करंडी, फुलं, घरचं लोणचं, सुकट हे काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. कापसाची मोठी अस्वलं-ससे धूळ धरतात. द्यायचंच तर पुसता येईल असं, सावंतवाडीच्या लाकडी फळांसारखं काहीतरी. आणि फोटो काढू नका. वॉर्डात एकदा एका सणाला बरीच मंडळी आली होती. प्रत्येक मुलाच्या हातात एक केळं आणि बिस्किटाचा पुडा द्यायचा आणि मागे उभं राहून फोटो. केस गेलेली एक मुलगी पांघरूण डोक्यावरून घेऊन बसली. कुणीतरी ते हसत हसत ओढलं. मी त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यावरून मला वरून बोलणीही खावी लागली.

पैसे त्याच्या आईला द्या. पाकिटात घालून, गुपचूप, कुणाच्या भाषणाशिवाय. सरकारी योजनेतून उपचारांचा खर्च पुष्कळदा निघतो, पण चहा, रिक्षा, फोनचं रिचार्ज, बापाची ये-जा, हे कुणी देत नाही. रेल्वेच्या भाड्यात कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबत्याला सवलत असते, इस्पितळाचा दाखला लागतो. गावात हे माहीत असणारा कुणी असेल त्याने बापाबरोबर जाऊन एकदा स्टेशनवर ते करून दिलं, तर चार हजारांपेक्षा जास्त मदत होईल.

आईचं का सांगते, तर मूल आईच्या तोंडाकडे बघून स्वतःची तब्येत ठरवतं. इंग्लंडात एके काळी मुलांच्या वॉर्डात आईबापांना राहूच देत नसत, आठवड्यातून ठरावीक तास भेट. मुलं गप्प झाली की ‘रुळली’ म्हणायचे. जेम्स रॉबर्टसन नावाच्या माणसाने १९५२ साली दोन वर्षांच्या एका मुलीचे इस्पितळातले आठ दिवस कॅमेऱ्यात धरून दाखवले, तेव्हा त्या गप्पपणाचा अर्थ लोकांना दिसला. पुढे १९५९ मध्ये तिथल्या सरकारी समितीने सांगितलं की आईबापांना भेटायची मोकळीक द्या. आपल्याकडे आई पहिल्यापासून खाटेशेजारी चटई टाकून असते. ते जागेअभावी म्हणा, नर्सा कमी म्हणून म्हणा, पण त्यात मुलांचं भलंच झालं. फक्त त्या चटईवरच्या बाईकडे कुणाचं लक्ष नसतं. तिथे कुणी ओळखीचं असेल तर आठवड्यातून एकदा तासभर मुलापाशी बसावं आणि आईला डोक्यावरून आंघोळ करून येऊ द्यावं. ती परत येते तेव्हा मुलाचा चेहराही निराळा असतो, बघा.

त्याला भावंडं आहेत का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. धाकटी बहीण असली तर ती तुमच्याच शाळेत असेल, आजीपाशी राहत असेल. सगळं गाव तिला एकच विचारतं, ‘दादा कसा आहे?’ तू कशी आहेस, हे कुणी नाही. तिला कार्डावर चित्र काढायला द्या, टपालपेटीत टाकायचं काम तिचं. आणि अधूनमधून दादाचा विषय न काढता तिच्याशी बोला.

तो परत येईल तेव्हा डोक्यावर केस नसतील, कदाचित गाल फुगलेले असतील, पायात जोर नसेल. मुलांना आधीच सांगून ठेवा की हा आजार लागत नाही, केस परत येतात. सगळ्यांनी त्याच्यासाठी डोकी भादरायची टूम निघाली तर त्याला विचारल्याशिवाय करू नका. मला तरी वाटतं त्याला ते नको असेल. तो घरून निघाला होता तसाच परत यायला बघत असतो, मिरवणुकीत नव्हे. फळ्याच्या कोपऱ्यातला त्याचा आकडा तेवढा जागेवर असू द्या.

पहिलं कार्ड त्याच्या शेजारी बसणाऱ्याला लिहू द्या. तो बहुतेक वेडंवाकडं लिहील, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसेल, छत्रीच्या गोष्टीत अर्धं कार्ड संपवील. दुरुस्त करायला लाल पेन घेऊ नका, तसंच टपालात टाका.